हायड्रंट उघडण्याआधी

मंगळवारी सकाळी जलमंडळानं टॅलगूरातल्या शर्यतीच्या रस्त्यावरचे दोन्ही हायड्रंट, म्हणजे आगीच्या वेळी पाणी घ्यायचे जाड नळ, कुलूपबंद केले. डेल्मा प्रॉक्टरला हे कळलं तेव्हा ती आपल्या हार्डवेअरच्या दुकानात एका गिऱ्हाइकाला फाटकाच्या बिजागऱ्या दाखवत होती. बिजागऱ्या तशाच काउंटरवर टाकून ती निघाली. दुकान उघडंच राहिलं. टॅलगूरात ते चालतं.

गव्हाच्या उंच कोठारांमागच्या त्या रस्त्यावर जलमंडळाची पांढरी गाडी उभी होती. एक धिप्पाड बाई गुडघे टेकून दुसऱ्या हायड्रंटची साखळी आवळत होती.

"शनिवारी जिल्ह्याच्या शर्यती आहेत," डेल्मा म्हणाली. आधी ओळखपाळख काही नाही.

"माहीत आहे. गावात शिरताना चार ठिकाणी बोर्ड वाचला."

"मग हे काय चाललंय?"

बाई उठली. हात पुसले. "कॅप्टन तूच ना? मी सेला ताउफा. रविवारी संध्याकाळी तुझ्या टीमनं सराव केला?"

"केला. सगळ्या गावानं पाहिला."

"दोन्ही हायड्रंट एकदम उघडले?"

"अंतिम शर्यतीत उघडतातच. सरावात काय नळ्या नुसत्या मिरवायच्या?"

"सोमवारी सकाळी शाळेतलं पाणी खारट लागलं. हॉस्पिटलच्या स्वयंपाकघरातलंही. मी नमुने नेले. त्यात जे जंतू सापडले, ते पिण्याच्या पाण्यात सापडता कामा नयेत. दुपारपासून सगळ्या गावानं पाणी उकळून प्यायचं आहे."

डेल्मानं साखळीकडे पाहिलं. स्वयंसेवी अग्निशमन पथकाची कॅप्टन म्हणून तिनं बरीच वर्षं लोकांना वाईट बातम्या दिल्या होत्या. स्वतः ऐकण्याची तिला फारशी सवय नव्हती.

"म्हणजे आम्ही केलं हे?" तिनं विचारलं.

"तुम्ही फक्त मेन लाइनचा दाब पाडलात. दाब पडला की पाणी उलटं फिरतं. कुणाची नळी कशात बुडालेली असेल तर ते ओढलं जातं. नाहीतर कुणाचा पंप मेनपेक्षा जोरात असेल, तर तो आपलं पाणी गावात ढकलतो. घाण तुमची नाही. कुणाची तरी आहे, आणि ती जागा सापडेपर्यंत हे उघडणार नाहीत."

"आणि नाही सापडली तर?"

"तर नाही."

टॅलगूराच्या बाहेरच्या माणसाला त्या दोन शब्दांचं वजन कळणार नाही. या भागातली पथकं उन्हाळ्यात एकमेकांशी शर्यती लावतात. नळीचं रीळ घेऊन धावायचं, नळी हायड्रंटला जोडायची आणि पाण्याच्या फटकाऱ्यानं खांबावरची लोखंडी तबकडी पाडायची. जिल्ह्याच्या शर्यती दर वर्षी वेगळ्या गावात होतात आणि टॅलगूराची पाळी फार वर्षांनी आली होती. मधल्या काळात गावातली बँक बंद झाली, रेल्वे थांबेनाशी झाली आणि फुटबॉलची टीम शेजारच्या कोलबीत विलीन झाली. त्या टीमची जर्सी कोलबीच्या रंगाची आहे. शर्यतींचा रस्ता पथकानं स्वतः डांबर घालून तयार केला होता. संयोजक मंडळानं डेल्माला स्पष्ट सांगितलं होतं की या खेपेला काही बिनसलं तर टॅलगूराचं नाव पाळीतून निघेल. कोलबीनं आपला रस्ता आखून ठेवला होता. शुक्रवारी दुपारपर्यंत मंडळाला होकार किंवा नकार द्यायचा होता.

"प्रयोगशाळेला एक अख्खा दिवस लागतो," सेला म्हणाली. "उद्या संध्याकाळपर्यंत जागा सापडली, रात्रीतून लाइन धुतली, परवा नमुने गेले, तर शुक्रवारी निकाल. त्यानंतर माझ्या हातात काही नाही."

"मग इथे काय उभी आहेस? चल, माझ्या गाडीत बस. तू एकटी गेलीस तर लोक दार उघडतील, चहा देतील आणि खोटं बोलतील. मी असले की नुसता चहा देतील."

पहिली फेरी क्लेम यार्डलीच्या मेंढ्यांच्या वाड्यात झाली. क्लेम जनावरांचा दलाल होता. त्याच्या अंगणात औषधाची मोठी टाकी होती आणि रबरी नळी तिच्या तळापर्यंत बुडालेली होती. टाकीतलं पाणी दुधाळ निळं होतं.

"हे काय, क्लेम?" डेल्मा.

"उवांचं औषध."

"ते दिसतंय. नळी आत का आहे?"

"बाहेर ठेवली तर फेस होतो. पंचवीस वर्षं आत आहे ती. कोणी मेलं का?"

"मेंढ्यांना विचारलंस?"

सेलानं नळी उचलली, टाकीच्या काठावरून वीतभर उंच बांधली आणि नळाला पितळेची एक छोटी झडप बसवली. "आता पाणी फक्त पुढे जाईल. मागे ओढलं गेलं तर ही हवा घेईल."

"ही रविवारी असती, तर सगळं निभलं असतं?" क्लेमनं विचारलं. त्याच्या आवाजात थोडी भीती होती.

सेलानं खिशातून जाड पेनाएवढं यंत्र काढलं. पाण्यातला खारटपणा त्यावर आकड्यात दिसायचा. "तू गुन्हेगार नाहीस. म्हणजे आहेस, पण या गुन्ह्यात नाहीस. शाळेच्या पाण्यात औषधाचा अंशही नव्हता. त्यात मीठ होतं."

संध्याकाळपर्यंत त्यांनी सलूनमधला केस धुण्याचा हातशॉवर पाहिला, पेट्रोलपंपावरची गाड्या धुण्याची जागा पाहिली, एका बाईच्या मत्स्यटाकीत चोवीस तास सोडलेली नळीही पाहिली. डेल्मा प्रत्येक ठिकाणी एकच प्रस्तावना करायची: "ही सेला. हिला खरं सांग, नाहीतर शर्यती कोलबीला जातील." कोलबीचं नाव ऐकलं की लोक स्वतःहून न्हाणीघरं दाखवायला लागायचे. सेलाच्या पेटीतल्या झडपा संपल्या आणि नदीकाठच्या मोठ्या गावातून आणखी मागवाव्या लागल्या. पण मीठ कुठेच सापडलं नाही.

बुधवारी सकाळी सेला दुकानात आली, तेव्हा डेल्मा काउंटरमागे टोस्ट खात होती. वर काळं, कडूखार व्हेजिमाइट थापलेलं होतं.

"या गावात खारट पाणी कुठे आहे?" सेलानं विचारलं.

"गावाबाहेर सांडपाण्याचा तलाव आहे. ते खारट पाणी शुद्ध करून फुटबॉलच्या मैदानाला आणि बोलिंग क्लबला देतात. पण मैदानाला गावचं पाणीच नाही, नळसुद्धा नाही. क्लबचं सगळं ग्लिन बघतो आणि ग्लिन..." डेल्मा थांबली. "ग्लिन ट्रेगीअरला आपल्या हिरवळीवर मुंगी चाललेलीही कळते."

"त्या पाण्याचे पाइप फिकट जांभळे असतात. तसा नियम आहे. क्लबात जांभळे पाइप पाहिलेस कधी?"

डेल्मानं टोस्ट काउंटरवर ठेवला आणि गाडीची किल्ली घेतली.

बोलिंग क्लब म्हणजे टॅलगूराचं देवघर. चाळीस डिग्रीच्या उन्हात घरांपुढची बाग वाळून कुसळं झाली तरी कोणी हळहळत नाही, पण क्लबच्या हिरवळीचा एक कोपरा पिवळा पडला तर पोस्टात चर्चा होते. त्या दिवशी बुधवारचा साधा सामना होता. पांढऱ्या कपड्यातली दहा-बारा म्हातारी माणसं हिरवळीवर जड गोळे घरंगळवत होती. ग्लिन काठाला उकिडवा बसून कात्रीनं कडा कापत होता. वयाची सत्तरी ओलांडलेला, वाळका, टोपीत अर्धा चेहरा गेलेला.

"मिस्टर ट्रेगीअर, तुमचे पाइप बघायचे होते," सेला म्हणाली.

ग्लिननं मागे वळून पाहिलं. "मिस्टर कोण? माझा बाप आलाय का? तो बरीच वर्षं गाडलेला आहे."

"आमच्या घरी वडीलधाऱ्यांना नावानं हाक मारली तर जेवण मिळत नाही," सेला म्हणाली. तिचं कुटुंब पॅसिफिकमधल्या टोंगा बेटांवरचं होतं आणि नदीकाठच्या द्राक्षमळ्यात राबून स्थिरावलं होतं.

"इथे मिळतं. उना स्कोन्स करतेय. काय बघायचंय?"

"तलावाचं पाणी कुठून येतं, कुठे जातं."

"येतं पंपावर, जातं गवतात. गावचं पाणी येतं मीटरवर, जातं स्वयंपाकघरात. दोघांची भेट नाही. तीन वर्षं जिल्ह्यातली सर्वोत्तम हिरवळ म्हणून बक्षीस मिळालंय पोरी, ते काय घाण पाण्यावर मिळतं?"

"शंका नाही. मीटर बंद करून बघते फक्त."

तपासणी अगदी सोपी होती. गावाच्या पाण्याचा मीटर बंद करायचा, पंप चालू ठेवायचा आणि आतला नळ उघडून बघायचं. दोन्ही पाणी वेगळी असतील तर नळ थोडा वेळ वाहून थांबेल.

सेलानं मीटर बंद केला. डेल्मा स्वयंपाकघरात नळापाशी उभी राहिली. क्लबचं स्वयंपाकघर सांभाळणारी उना स्कोन्सच्या, म्हणजे छोट्या गोल पावांच्या, ट्रेवर फडकं घालत होती. तिनं उकळलेल्या पाण्याचं मोठं पिंप अभिमानानं दाखवलं. "बघ, सकाळपासून उकळून ठेवलंय. नियम म्हणजे नियम."

नळ वाहत होता. धार बारीक झाली, लटपटली आणि मग पुन्हा सरळ झाली. थांबली नाही.

"सेला," डेल्मानं खिडकीतून हाक मारली. "मीटर नीट बंद केलास?"

"मुठीनं आवळलाय. का?"

"वाहतंय."

सेला आत आली. तिनं धारेखाली यंत्र धरलं आणि आकडा डेल्माकडे वळवला. ग्लिन दारात उभा होता. हातात कात्री तशीच. यंत्र काय सांगतं ते त्याला वाचता येत नव्हतं, पण डेल्माचं तोंड वाचता येत होतं.

"शक्य नाही," तो म्हणाला. "पाइप वेगळे आहेत. मी शपथ घेतो."

"कुठे आहेत ते जांभळे पाइप?" सेला.

"मागच्या भिंतीला. म्हणजे तिथे सगळेच..." ग्लिन थबकला.

मागच्या भिंतीला एकाशेजारी एक पाइप गेले होते. सगळे गर्द हिरवे. क्लबचा हिरवा. भिंतीची पट्टी हिरवी, बाकं हिरवी, कचऱ्याचे डबे हिरवे. डेल्मानं कमरेवर हात ठेवून ते पाहिलं आणि मान खाली घातली.

"श्रमदान," ती म्हणाली. "राज्याची स्पर्धा इथे झाली ना, त्याच्या आधीच्या रविवारचं श्रमदान. पथकातली सगळी पोरं आली होती. रंगाचे डबे माझ्या दुकानातून आणले. भिंतीवर जांभळं काहीतरी अगदी विचित्र दिसत होतं. आम्हीच रंगवलं. मी स्वतः ब्रश हातात घेतला होता."

सेलानं खिशातून किल्ली काढली आणि पहिल्या पाइपवर घासली. हिरव्या पापुद्र्याखाली दुसरा हिरवा निघाला. दुसऱ्या पाइपवर घासली. हिरव्याखाली फिकट जांभळं उजेडात आलं.

"आणि याला नळ कोणी जोडला?"

"लेननं, क्लबची डागडुजी तोच करायचा," ग्लिन म्हणाला. "सॉसेज भाजायच्या भट्टीपाशी हात धुवायला बेसिन हवं होतं. त्यानं जवळचा पाइप बघितला. हिरवा. हिरवा म्हणजे क्लबचा. मग बेसिनवरून स्वयंपाकघराच्या पाइपला एक फांदी जोडली, दाब वाढावा म्हणून. लेन बिचारा गेला. तो असता तर डोकं आपटून घेतलं असतं त्यानं."

"गावाच्या पाण्याचा दाब एरवी पंपापेक्षा जास्त असतो," सेला म्हणाली. "म्हणून इतके दिवस उलटंच होत होतं. गावचं गोडं पाणी गुपचूप तुमच्या गवताला जात होतं."

ग्लिन हळूच म्हणाला, "म्हणजे ती बक्षिसं..."

"गावानं पाजलं, तू हार घालून घेतलेस," डेल्मा म्हणाली. कोणीतरी हसायला हवं होतं, म्हणून उना हसली.

सेला हसली नाही. "जोड कापते. दोन्ही टोकं बंद. मीटरवर मोठी झडप बसवते, पुन्हा कोणी काही जोडलं तरी क्लबातलं पाणी बाहेर जाणार नाही. पण सगळे पाइप तपासेपर्यंत पंपाला कुलूप. शुक्रवारपर्यंत."

"शुक्रवारपर्यंत?" ग्लिन ओरडला. हिरवळीवरचे खेळाडू वळून बघायला लागले. "या उन्हात? गवत नाही राहणार पोरी, टोस्ट होईल! शनिवारी शर्यतींना आलेली सगळी जनता क्लबात जेवायला येणार. त्यांना काय, पिवळी सतरंजी दाखवू?"

"पंप चालू ठेवला तर मी सही करू शकत नाही."

"डेल्मा, सांग ना हिला!"

डेल्मा सेलाला सांगायला गेली नाही. ती ग्लिनसमोर उभी राहिली. "तुझं गवत जगवायची जबाबदारी माझी. पंपाची किल्ली तिला दे."

ग्लिननं किल्ली दिली, पण नाखुशीनं. हात तिच्याकडे गेला आणि नजर हिरवळीकडे.

मग टॅलगूराला जे जमतं ते टॅलगूरानं केलं. बुधवारच्या सरावाऐवजी पथक क्लबवर जमलं. पाणी तलावातून गाडीनं आणायचं आणि हातानं शिंपडायचं ठरलं. क्लेम यार्डली आपली ट्रेलरवरची टाकी घेऊन अभिमानानं दाखल झाला.

"त्यात आधी काय होतं, क्लेम?" ग्लिननं विचारलं.

"तणनाशक. पण विसळून घेतलीय."

ग्लिन दोन्ही हात पसरून हिरवळीपुढे उभा राहिला. "एक थेंब जरी सांडलास ना, तर तुलाच इथे पेरतो!"

शेवटी पथकाची जुनी बंबगाडी वापरायचं ठरलं. सेलानं अट घातली: नाकातोंडाला फडकं बांधायचं, फवारा अंगावर उडू द्यायचा नाही, आणि काम संपल्यावर टाकी निर्जंतुक केल्याशिवाय ती कुठल्याही नळाला लावायची नाही. टेगन मॉयल ही पथकाची सगळ्यात वेगवान मुलगी. शर्यतीत हायड्रंटला नळी जोडायचं काम तिचं. तिनं कुरकुर केली.

"शनिवारी आम्ही धावणार आणि आज गवताला पाणी घालायचं?"

"हायड्रंट बंद असतील तर शनिवारी तू फक्त गवतावरच धावशील," डेल्मा म्हणाली. "घे नळी. आणि तिचं टोक जमिनीवर टाकू नकोस, मी बघतेय."

दोन दिवस सकाळ-संध्याकाळ त्यांनी हिरवळ भिजवली. सेला आपलं काम करत होती. जोड कापला, पाइपांवरचा रंग खरवडून काढला आणि मीटरजवळ पितळेची जाडजूड झडप बसवली. तिच्या पोटाला खाली एक तोंड होतं. आतला दाब चुकीच्या दिशेनं झुकला तर पाणी मागे न जाता त्या तोंडातून जमिनीवर पडायचं. रात्रीतून जलमंडळाच्या माणसांनी क्लोरीन घालून गावाची लाइन धुतली. गुरुवारी नमुने गेले.

शुक्रवारी दुपारी सेलाचा फोन आला तेव्हा दुकानात गर्दी होती आणि कोणीही काही विकत घेत नव्हतं. डेल्मानं ऐकलं, "हं" म्हणाली, पुन्हा "हं" म्हणाली आणि फोन ठेवला.

"नमुने स्वच्छ," ती म्हणाली. आरडाओरडा सुरू होण्याआधी तिनं हात वर केला. "थांबा. अट आहे. हायड्रंट उघडतील तेव्हा सेला क्लबाच्या झडपेपाशी उभी राहणार. दुसरं कोणीतरी शाळेच्या नळापाशी यंत्र घेऊन. आकडा चढला की त्या माणसानं फोन करायचा आणि शर्यत तिथल्या तिथे बंद."

"मी राहतो शाळेत," क्लेम म्हणाला.

"तू फोन करणार नाहीस, क्लेम. कोलबी पुढे असली तर करशील."

सगळे हसले. क्लेमसुद्धा. मग हसू ओसरलं, कारण टॅलगूराच्या प्रत्येक माणसाबद्दल तोच आक्षेप घेता आला असता.

"मी राहते," डेल्मा म्हणाली.

संध्याकाळी यंत्र हातात देताना सेलानं तिला नीट न्याहाळलं. "तू? या शर्यती सगळ्यांत जास्त तुलाच हव्यात."

"बाकी कुणाला दिलं यंत्र, तर मी शर्यत बघताना सारखी त्याच्याबद्दल विचार करत बसेन. त्यापेक्षा मीच उभी राहते."

"आकडा चढला तर?"

"तर फोन करीन. शाळेत आमच्या पथकातल्या निम्म्या लोकांची पोरं आहेत, सेला."

शनिवारी पंधरा गावांची पथकं आली. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना घडीच्या खुर्च्या लागल्या. सॉसेज भाजल्याचा वास कोठारांपर्यंत गेला. क्लबाची हिरवळ हिरवी होती. पाहुण्यांनी ती वाखाणली आणि ग्लिननं श्रेय न घेता, पण न नाकारताही, मान हलवली. डेल्मा यांतलं काहीच बघत नव्हती. ती बंद शाळेच्या व्हरांड्यात, मुलांच्या उंचीच्या नळापुढे कंबर वाकवून उभी होती. प्रत्येक धावेला ग्लास भरायचा, यंत्र बुडवायचं, आकडा बघायचा, पाणी झाडाला ओतायचं. सकाळभर आकडा जागचा हलला नाही. तरी एक हायड्रंट उघडणं वेगळं. दोन्ही एकदम फक्त अंतिम शर्यतीत उघडणार होते.

अंतिम शर्यतीत टॅलगूरा आणि कोलबी होते. लाउडस्पीकरवरचा माणूस काय सांगत होता ते शाळेपर्यंत नीट पोचत नव्हतं. नुसता आवाज चढत गेला.

बंदुकीचा बार झाला.

नळाची धार दोऱ्याएवढी झाली. मग थेंब. मग तेही नाही. नळातून हवा ओढल्याचा फुर्र आवाज आला.

डेल्माच्या खिशातला फोन वाजला. सेला होती. तिच्या मागे धो धो पाणी पडत होतं.

"झडप ओकतेय! भरभरून! ग्लिनचे बूट गेले!"

"म्हणजे वाईट?"

"म्हणजे काम करतेय! क्लबातलं सगळं जमिनीवर पडतंय, लाइनीत जात नाही. तुझ्याकडे काय?"

"काहीच नाही. नळ कोरडा आहे."

सेलाचा आवाज बदलला. "परत येईल ना, त्याची पहिली धार धर. जे काही शिरलं असेल ते त्यातच असेल."

तिकडे रस्त्यावर आरोळी उठली. एवढी मोठी की शाळेच्या पत्र्यावरचे पोपट उडाले. कोणीतरी जिंकलं होतं. डेल्मानं डोकं वर केलं नाही. तिनं ग्लास नळाच्या तोंडाला टेकवून धरला होता.

नळ खोकला. हवा, मग तांबूस शिंतोडा, मग धार. तिनं ग्लास भरला आणि यंत्र बुडवलं. आकडे धावले, वर गेले, खाली आले आणि थांबले. सकाळचाच आकडा. तिनं यंत्र बाहेर काढून झटकलं आणि पुन्हा बुडवलं. तोच.

"सेला," ती फोनमध्ये म्हणाली. "गोडं आहे."

पलीकडून उत्तर आलं ते टोंगाच्या भाषेत आलं आणि त्याचा अर्थ विचारायची गरज नव्हती. डेल्मानं ग्लास तोंडाला लावला आणि तळापर्यंत संपवला. हनुवटीवरून ओघळलेलं पाणी तिनं बाहीनं पुसलं, नळ बंद केला आणि ती रस्त्याकडे चालू लागली. पळाली नाही, पण चालणं म्हणावं असंही ते नव्हतं.

गर्दीतून तिला वाट देत लोक तिच्या पाठीवर थापा मारत होते. टेगन धावत आली. नखशिखांत भिजलेली, गुडघा सोललेला.

"बघितलंस? बघितलंस ना? तबकडी पहिल्याच फटक्याला! कोलबीची नळी अजून गुंडाळलेलीच होती!"

"नाही बघितलं."

"काहीच नाही?"

"मी एक नळ बघत होते, टेगन."

टेगनचं तोंड उघडंच राहिलं. मग ती वळली आणि संयोजक मंडळाच्या टेबलापाशी गेली. मंडळाचा अध्यक्ष बक्षिसाचा करंडक पुसत होता. ती काय बोलली ते कळलं नाही; त्यानं आधी नकारार्थी मान हलवली, मग घड्याळ बघितलं, मग शेजारी आलेल्या कोलबीच्या कॅप्टनकडे बघितलं. कोलबीचा कॅप्टन म्हणाला, "पुन्हा पळू देत ना त्यांच्या कॅप्टनसाठी. आम्हीही पळतो. आमची नळी उघडते हे तरी लोकांना दिसेल."

अध्यक्षानं सेलाकडे पाहिलं. सेला क्लबाकडून चिखलाच्या पावलांनी आली होती, मागून अनवाणी ग्लिन. "पाणी आहे," ती म्हणाली. "हवं तेवढं उघडा."

दोन्ही पथकं पुन्हा रेषेवर आली. डेल्माला कोणीतरी खुर्ची दिली. ती बसली नाही. बार झाला. टॅलगूराची पोरं सुटली, रीळ रस्त्यावर खडखडत उलगडलं, टेगननं हायड्रंटवर झेप घेतली, आणि या खेपेला जोड नीट बसला नाही. पाणी सांध्यातून पंख्यासारखं उडालं, पहिल्या दोन रांगा न्हाऊन निघाल्या आणि कोलबी पुढे गेली.

"वॉशर!" डेल्मा खुर्चीवर चढून ओरडली. "टेगन, वॉशर बघ! आवळ! आवळ ना पोरी, अजून वेळ आहे!"